कवेलूवरचा इस्तो

मी हे लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी काही लिहिलेलं नाही. अगदीच नाही असंही नाही म्हणा. आई चुलीतला विझलेला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर रेघा ओढायची. गाय कधी गाभण राहिली, दूध कोणाकडे गेलं, एवढ्यापुरत्या. पोळ्याच्या आधी भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरला की ते सगळं पुसून जायचं. बाबांना सही येते, पण सही करताना ते श्वास रोखून धरतात. अशा घरातून आल्यावर कागदावर, न पुसलं जाणारं काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. काही जास्तीचं किंवा कमी लिहिलं गेलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

लिहावंसं वाटलं ते कॉलेजातल्या एका प्रकल्पामुळे. पर्यावरणाच्या विषयासाठी मी खेड्यातल्या घरांत कोणकोणतं इंधन जळतं ते लिहून दिलं होतं. लाकूड, गवऱ्या, तुराट्या, धानाचा भुसा. त्यांचा धूर, धुराने होणारे आजार. ते सगळं खरं आहे. आईचे डोळे चुलीपुढे वर्षानुवर्षं गळत राहिले, थंडीत ती अजूनही खोकते. मी नागपूरला खोली घेऊन राहायला आलो तेव्हा खोलीतला मित्र माझी बॅग उघडल्यावर म्हणाला होता की तुझ्या कपड्यांना होळीचा वास येतो. मला तो वास येतच नव्हता. म्हणून धुराचं कौतुक मी करणार नाही. पण प्रकल्प लिहून झाल्यावर वाटत राहिलं की आमच्या घरातल्या आगीबद्दलची मुख्य गोष्ट त्यात आलीच नाही. ती गोष्ट दोन बायकांची आहे. एक माझी आई आणि दुसरी तिची थोरली जाऊ, जिला मी मोठी माय म्हणतो.

आमचं गाव लाखांदूरकडच्या बाजूला आहे. एसटीतून उतरलं की तळ्याच्या पाळीवरून चालत जायचं, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. घर एकच होतं आणि चूलही एकच होती. मी शाळेत असताना ती वेगळी झाली. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले असं म्हणत नाहीत, चूल वेगळी झाली म्हणतात. आणि आमची चूल वेगळी झाली ती चुलीवरूनच.

मोठ्या मायचा हात फटफट चालणारा. तिला तुराट्या आवडायच्या. बांधाच्या धुऱ्यावर लावलेल्या तुरीच्या वाळक्या काड्या चुलीत कोंबल्या की भडका उडतो, वरण उकळतं, काम संपतं. आईचं सगळं सावकाश. ती एक जाड लाकूड, वर अर्धी गवरी, अशी आग मांडायची आणि तिच्यावर भात मुरत ठेवायची. मोठी माय म्हणायची, हिच्या भाताची वाट पाहता पाहता नवं धान निघन. आई मोठ्या मायला बाई म्हणते; ती म्हणायची, बाईच्या चुलीपुढे बसलं की खळ्याले आग लागल्यासारखं वाटते. इतकी वर्षं हे हसण्यावारी चाललं होतं. मग एका उन्हाळ्याच्या शेवटी पावसाळ्यासाठी रचलेला लाकडाचा ढीग लवकर खाली आला. कोणाच्या हाताने जास्त जळलं, यावर एक शब्द बोलला गेला, त्यावर दुसरा. बाबा आणि मोठे बाबा दोघे शेतावर होते. ते आले तेव्हा जेवायला दोन ठिकाणी पानं होती.

मग दोघा भावांनी मिळूनच स्वयंपाकघराच्या मधोमध बांबूच्या कमच्यांचा कूड उभा केला आणि शेणमातीने लिंपला. भांडण त्यांचं नव्हतंच, त्यामुळे कूड उभारताना ते एकमेकांना तंबाखू देत होते. घरात बल्ब मात्र एकच. म्हणून त्यांनी कुडाला वीतभर भोक ठेवलं आणि बल्ब त्यात टांगला. अर्धा उजेड आम्हाला, अर्धा त्यांना.

जुनी चूल मोठ्या मायच्या बाजूला गेली. आईने आमच्या बाजूला नवी मांडली. आता ही आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवी चूल आगपेटीने पेटवत नाहीत. पहिल्यांदा तिच्यात दुसऱ्याच्या पेटत्या चुलीतला इस्तो घालतात, इस्तो म्हणजे विस्तव. आई चूल लिंपून, वाळवून बसली होती आणि कोणाकडे जावं हे तिला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात कुडाच्या भोकातून एक हात आला. हातात फुटक्या कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा तुकडा, आणि त्यावर लाल निखारे. हात मोठ्या मायचा होता. ती काहीच बोलली नाही. आईही बोलली नाही. तिने कवेलू घेतलं, चूल पेटवली, आणि परत देताना त्यावर गुळाचा खडा ठेवला. रिकामं कवेलू परत करायचं नसतं.

तेव्हापासून त्या दोघी बोलत नव्हत्या, पण इस्तो मात्र जात-येत राहिला. रात्री जेवणं झाली की निखारे राखेत दाबून वर गवरीचा तुकडा ठेवायचा, सकाळी राख बाजूला केली की खाली लाल असतं. पण कधी कधी विझतं. जिचा विझला तिने फुकणीने कुडावर टकटक करायचं. पलीकडून कवेलू यायचं. मग सावकाश, दिवसभरात कधीतरी, ते परत जायचं. त्यावर कधी भाजलेलं वांगं असे, कधी मूठभर लाखोळीची डाळ, कधी नुसतं मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं पळसाच्या पानातलं पुडकं. मी दहावी पास झालो त्या दिवशी आमचा इस्तो विझलेलाच नव्हता. तरी भोकातून कवेलू आलं. त्यावर आग नव्हती, एक पेढा होता.

बोलणं नव्हतं म्हणालो, पण अगदी मुकाटपणाही नव्हता. दोघी माझ्याशी किंवा ताईशी बोलायच्या, आणि ऐकवायच्या एकमेकींना. ताई म्हणजे मोठ्या मायची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. ती आमच्याकडेच जास्त असायची. फुंकर कशी घालायची, धूर डोळ्यांत न जाता आग कशी धरायची, हे तिला माझ्या आईनेच शिकवलं. पलीकडून मोठी माय म्हणायची, "सांगजो बाप्पा तुह्या आईले, गवऱ्या ओल्या आहेत. धूर आमच्या घरात येऊन राहिला." आई तव्यावरून नजर न हलवता म्हणायची, "सांग, धूर का विचारून जाते कोठी?" मग पलीकडे एक बारीक हसू ऐकू यायचं. ते हसू कोणाचं, हे आम्ही कोणी बोललो नाही.

पुढे दोन्हीकडे आपापले बल्ब आले. भोक तसंच राहिलं.

मग गॅस आला. मी बारावीला होतो. आईला इतकं खूश मी क्वचित पाहिलं आहे. सकाळी उठून लायटर दाबला की निळी आग, चहाच्या भांड्याला काजळी नाही, डोळ्यांना पदर लावायला नको. बाबांनी चुलीच्या जागी ओटा बांधायचा ठरवला, तेव्हा आईनेच चूल उचकली. तिच्यावर पाणी शिंपडून ती मऊ केली, माती घमेल्यात भरली आणि गावाबाहेरच्या बोडीत नेऊन सोडली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. चुलीची माती तिथूनच आणलेली असते, म्हणून तिथेच परत. मी घमेलं धरायला गेलो तर तिने दिलं नाही. आंघोळीचं पाणी तेवढं आम्ही अंगणात तीन दगडांवर तापवत राहिलो, कारण सिलेंडर पुरवून वापरायचा असतो.

मोठ्या मायकडेही गॅस आला, पण तिने चूल मोडली नाही. गॅस पाहुण्यांच्या चहाला, बाकी सगळं चुलीवर. इस्तो विझला तर ती आता आगपेटी घ्यायची. आमच्याकडे इस्तोच नव्हता, मग ती मागणार कोणाकडे? भोकात आईने चहा-साखरेचे डबे ठेवले. फुकणी माळ्यावर गेली. कवेलू कुठे गेलं मला माहीत नाही. आईला एकदा विचारलं होतं की शेजारून आवाज येत नाही तर कसं वाटतं. ती म्हणाली, कामं लवकर होतात.

या वर्षी ताईचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक, एका माणसाचं. घरातल्या कोणी एकाने जाऊन जेवून यायचं. दुसरं चुलीचं. त्यात आवतन सांगणारा माणूस घरात येऊन चुलीला कुंकू लावतो, तिच्यावर हळदीचे तांदूळ टाकतो, आणि त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. लहानथोर सगळे लग्नघरी. रोटी-बेटीच्या, जिव्हाळ्याच्या घरांनाच ते देतात. आईला कोणतं आवतन येतं, याकडे सगळ्या आळीचं लक्ष होतं. आई म्हणायची, मले काय करायचं आहे. पण तिने पेटीतून लुगडं काढून उन्हात घातलं होतं, आणि ओट्यावरची भांडी रोज घासून मांडत होती.

आवतन आलं त्या दिवशी मी घरी होतो. आमच्या आळीत हे काम एक आबाजी करतात. हातात कुंकवाची वाटी, खांद्यावर टॉवेल. ते थेट स्वयंपाकघरात आले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"चूल कुठी आहे वो बाई?"

"हे काय तुमच्या पुढं," आई म्हणाली.

"हा तं गॅस होय."

"मंग? याच्यावरच रांधतो आमी."

"रांधत असान. पन कुकू कुठी लावू? सिलेंडरले?"

"लावा ना," बाबा दारातून म्हणाले, "त्यानं भरून येत असन तं रोज लावा."

आबाजी हसले, पण त्यांचं बोट वाटीतच राहिलं. मातीच्या तोंडाला कुंकू लावायची त्यांची सवय, लोखंडाच्या शेगडीला लावलं तर ते धरतं की नाही, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. बाबांनी अंगणातले तीन दगड दाखवले, यालाच चूल धरा म्हणाले. त्यावर आई पटकन बोलून गेली, "आंघोळीच्या पान्याले आवतन देता काय?" तिला ते अपमानाचं वाटलं. आबाजींनी थोडा विचार केला. मग तांदळाचे दोन दाणे बाबांच्या हातावर ठेवले, "मंग एका मानसाचं धरा," म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.

आईने ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. संध्याकाळी एवढंच म्हणाली की बाईनं आबाजीले तसंच सांगून धाडलं असन.

दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर ताई भेटली. मी विचारायचं धैर्य गोळा करत होतो, तर तीच बोलली. म्हणाली, माय काल जेवली नाही. तिनं आबाजीले चुलीचंच सांगतलं होतं. आता ते वापस येऊन म्हनतात चूलच नाही तं काय करू. मी म्हणालो, मग परत पाठव ना त्यांना. ताई म्हणाली, "पाठवलं तं काकू म्हनन, मागून घ्या लागलं. अन् नाही पाठवलं तं काकू येत नाही. मी काय करू सांग." तिच्या हाताला नवऱ्या मुलीची हळद लागायला अजून आठवडा होता आणि ती अशी बोअरिंगच्या दांड्याला टेकून उभी होती. मी हे आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "मागून घेतलेल्या आवतनानं पोट भरत नाही," म्हणाली.

आणि मग तिने असं काही म्हटलं की ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. ती म्हणाली की चूल असती तर लग्नाच्या दिवशी आपल्या छपरातून धूर निघाला नसता, अन् साऱ्यांनी पाहिलं असतं की हे घर तिकडं आहे. गॅसले धूरच नाही. बंद आहे का चालू आहे, कोणाले समजते?

मला परीक्षेसाठी नागपूरला परतावं लागलं. लग्नाच्या दिवशीच माझा पेपर होता. एसटीत बसल्यावर वाटत होतं की ताईच्या लग्नात बाबा एकटे पंगतीला बसतील, आणि आई कुडाच्या या बाजूला, हाताच्या अंतरावर, स्वतःपुरता भात शिजवेल. जिला तिने फुंकर घालायला शिकवलं ती मुलगी पलीकडून सासरी निघून जाईल.

खोलीवर मी पुस्तक उघडून बसायचो आणि घरी फोन करायचो. आई नेहमीचं बोलायची, जेवलास का, ऊन फार आहे का. एकदा बाबा हळू आवाजात म्हणाले की तुझी आई बोडीवरून माती आणून राहिली. उन्हाळ्यात बोडी आटली की तळाची माती तडकून तिच्या ढेपा सुटतात, त्या आणून तिने भिजवल्या होत्या. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "गॅसवर भरीत चांगलं नाही होत." मागून बाबांचा आवाज आला, "वांगे कुठी आहेत घरात?" आईने फोन ठेवून दिला.

पुढच्या फोनला बाबांनी सांगितलं की तिने मातीत भुसा आणि शेण कालवलं, आणि ओट्याशेजारी खाली जमिनीवर, कुडाला लागून, बरोबर भोकाखाली चूल मांडली. भोकातले डबे काढले. माळ्यावरची फुकणी उतरवली. मग मला कळलं ती काय करते आहे. तिला स्वयंपाकाला चूल नको होती. तिला बंद ठेवायला एक चूल हवी होती.

पण नवी चूल पेटल्याशिवाय ती चूल होत नाही, आणि ती पेटणार इस्तवानेच. आळीत कोणीही इस्तो दिला असता. बाबांनी तसं सुचवलंही. आई म्हणाली, अजून वाळली नाही. दर वेळी मी विचारायचो तेव्हा ती वाळायचीच राहिलेली असायची. उन्हाळ्यात माती वाळायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे.

लग्नाच्या सकाळी मी घरी फोन केला, कोणी उचलला नाही. पेपर होता, फोन बंद करून आत गेलो. काय लिहिलं ते नीट आठवत नाही. बाहेर आल्यावर पुन्हा लावला, घंटी वाजत राहिली. मित्र म्हणाला, लग्नघर आहे, कोण उचलणार. मी खोलीवर आलो. त्याने इंडक्शनवर खिचडी लावली, मला विचारलं, मी थांब म्हणालो. का थांब म्हणालो ते त्याला सांगता आलं नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे बँड वाजत होता, ते ओरडूनच बोलत होते. म्हणाले, सकाळी तुझी आई उजाडायच्या आधी चुलीपुढं बसली, हातात फुकनी. ठोकू का नको, ठोकू का नको. शेवटी ठोकली. पलीकडून काहीच नाही. लग्नाची धामधूम, ऐकूच गेलं नसन म्हटलं. मग परत नाही ठोकली तिनं, फुकनी खाली ठेवून देली.

"मंग?" मी विचारलं.

मग समोरच्या दारातून मोठी माय आली. कूड घातल्यापासून ती कधी आमच्या दारातून आत आली नव्हती. नवं लुगडं नेसलेली, एका हातात कवेलूवर इस्तो, दुसऱ्या हातात कुंकवाची वाटी. बाबांना वाटलं आता भांडण होतं. ती आईला म्हणाली, "भोकातून लग्नाचं आवतन देत असते काय?"

दोघींनी मिळून चूल पेटवली. आईने फुंकर घातली, मोठ्या मायने तुराटी मोडून टाकली, आणि त्यावरही आई काहीतरी बोललीच म्हणे, की एवढी कायले टाकता बाई. जाळ धरला, तसं मोठ्या मायने चुलीच्या तोंडाला कुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि म्हणाली, "आता विझव. आज हे पेटवाची नाही."

बाबा हॅलो हॅलो करत होते. मग फोन आईने घेतला. ती घाईत होती, तिला पंगतीत वाढायचं होतं आणि ताईची पाठवणी व्हायची होती. पेपर कसा गेला, विचारलं. बरा गेला म्हटलं. मग म्हणाली, "कवेलू आपल्याचकडं राहिलं. रिकामं कसं देऊ? येशीन तं नागपूरहून काही चांगलं घेऊन येजो."

हो म्हटलं.

"अन् तू जेवून घेजो," ती म्हणाली. "आपली चूल तं आज बंद आहे."